शिकारीचं नवं सामान आणि पहिली थंडी : तुमचे प्रश्न, माझे अनुभव

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की विस्कॉन्सिन आणि आजूबाजूच्या राज्यांतली जी आपली मराठी मंडळी हरणाच्या सीझनला जातात त्यांनी यंदा नवीन काय घेतलं आणि रानात ते कसं चाललं ते कळवा. पत्रं भरपूर आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून ज्यात जास्त लोकांना उपयोग होईल असे प्रश्न घेतेय. मी स्वतः मूळची फलटणची, इथे शेजारच्या डेअरीवाल्या आजोबांनी मला शिकवलं, आणि चौदा सीझन झाले तरी मी अजून दरवर्षी एखादी तरी वस्तू चुकीची घेतेच, तेही खाली सांगितलंय.

प्रश्न : ताई, मी मॅडिसनला एच-वन-बी वर आहे. ऑफिसमधला मित्र यंदा थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या ९ दिवसांच्या गन सीझनला चल म्हणतोय. त्याने सामानाची जी यादी दिलीय तिची बेरीज अडीच हजार डॉलरच्या वर जातेय. पहिल्याच वर्षी एवढं लागतं का? आणि व्हिसावर असताना बंदूक हातात घेतलेली चालते का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, पण त्याला एक सवलत आहे, ती म्हणजे तुमच्याकडे इथल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं. म्हणजे क्रम असा की आधी लायसन्स आणि मग बंदूक. मित्र म्हणेल चल रविवारी रेंजवर जाऊ, माझी रायफल दोनदा चालवून बघ, तर लायसन्स खिशात नसताना नाही म्हणा, अगदी भीड वाटली तरी नाही म्हणा. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना असल्या गोष्टीवरून गुंता नको. शंका असेल तर तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाका. आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, किंवा मग अनुभवी माणसाच्या सोबत मेंटॉर्ड लायसन्सवर जाता येतं. कोर्सच करा असं मी म्हणेन, दोन-तीन संध्याकाळी जातील पण आयुष्यभर कामाला येतो.

आता यादी. रायफल पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, मित्राकडे जास्तीची असेलच. पैसे तीन गोष्टींवर घाला, बूट, आतले गरम कपडे आणि एक बरी दुर्बीण. कॉटनचा बनियन अजिबात नको, चालताना घाम येतो, कॉटन तो धरून ठेवतं आणि मग तासभर बसलात की पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतं. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक घ्या. केशरी जॅकेट कायद्याने लागतंच, कमरेच्या वरचा निम्मा तरी भाग भडक केशरी पाहिजे आणि टोपी घातली तर तीही निम्मी, २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाला केशरी आपल्यासारखं भडक दिसत नाही त्यामुळे ती काळजी नको, पण निळा रंग त्याला फार छान दिसतो, म्हणून जीन्स घालून जाऊ नका, नवीन माणसाच्या पायात हमखास तीच असते. बाकी यादीतलं सगळं पुढच्या वर्षी.

प्रश्न : ग्रीन बेहून लिहितोय. वास दाबणारं कार्बनचं जॅकेट घेतलं, ४०० डॉलर मोजले. दुसऱ्याच दिवशी हरणी साठ यार्डांवर आली, नाक वर केलं, फुसकारली आणि शेपटी उभी करून गेली. जॅकेट परत करू का?

परत होत असेल तर करा. माणसाचा वास पूर्ण दाबणारं कापड मला तरी आजपर्यंत भेटलेलं नाही. तोंडातून श्वास बाहेर पडतो त्याचं काय करणार? काम करतो तो वारा, म्हणजे वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला हवा, एवढं एकच सांभाळलं तर साध्या लोकरीच्या कोटातही हरीण वीस यार्डांवर येतं. सकाळी ऊन चढायला लागलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार झाली की खाली घळीत उतरते, हे वेधशाळेच्या ॲपमध्ये दिसत नाही, तिथे बसूनच कळतं.

आणि त्यासाठी एक फुकटची वस्तू सांगते. इथे रस्त्याच्या कडेला मिल्कवीड उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं, बोंडं पण तशीच, फुटली की आतून म्हाताऱ्या उडतात. लहानपणी आपण त्या पकडायला धावायचो ना, त्याच. ऑक्टोबरमध्ये दोन-चार बोंडं गोळा करून डबीत ठेवायची आणि मचाणावर बसलं की एक एक सोडायची. दुकानातली पावडर फुंकली की चार फुटांवर दिसेनाशी होते पण म्हातारी पन्नास-साठ यार्ड लांबपर्यंत डोळ्यांना दिसत राहते, आणि तुम्हाला कळतं की अरे वारा ओकच्या झाडापर्यंत सरळ जातोय आणि तिथून गरकन डावीकडे वळून नेमका हरणांच्या वाटेवर उतरतोय. मला हे कळलं तेव्हा दोन वर्षं ज्या झाडावर बसत होते ते बदललं.

जॅकेटबद्दल अजून एक, दुकानात घालून बघताना हात वर-खाली करा आणि कान द्या. माझं पहिलं चांगलं जॅकेट वॉटरप्रूफ होतं आणि दुकानातल्या गाण्यात काही ऐकू आलं नाही. रानात पहाटेच्या शांततेत २० डिग्री फॅरनहाइटला ते कापड असं कडक झालं की हात हलवला की पापड मोडल्यासारखा आवाज. त्यात खिशाला वेल्क्रो. पंचवीस यार्डांवर नर उभा, मी ग्लोव्ह काढायला खिसा उघडला, चर्रर्र, आणि त्याने मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं, अगदी डोळ्यात डोळे. पुढच्या क्षणी तिथे नुसती फांदी हलत होती. घरी येऊन मी तो वेल्क्रो उसवला आणि लाकडी बटणं शिवली, ते जॅकेट मी अजून वापरते पण फक्त पावसात.

प्रश्न : रायफलवर नवीन स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवला, दुकानवाल्याने "बोअरसाइट करून दिलंय" असं सांगितलं. सीझनच्या पहिल्या दिवशी ऐंशी यार्डांवर गोळी मारली, हरीण पडलं नाही, रक्त थोडं सापडलं, नंतर माग हरवला. चार दिवस झोप नाही नीट. स्कोप खराब आहे का माझी चूक? – ओ क्लेअर

तुम्ही हे लिहिलंत म्हणून आधी आभार, कारण बरेच जण हे सांगत नाहीत.

माझ्या बाबतीत हे झालंय, चौथ्या वर्षी. नवीन स्कोप, दुकानात बसवलेला, रेंजवर मी तीन गोळ्या मारल्या आणि ठीक आहे म्हटलं. नंतर रायफल पिकअपच्या मागे दोनशे मैल हादरे खात गेली. पहिल्या सकाळी मादी आडवी उभी होती, सत्तर यार्ड, मी पुढच्या पायाच्या मागे नेम धरला, चाप ओढला, आणि ती पोट आत घेऊन पाठीला बाक काढून संथ चालत गेली. असं चालली की समजायचं पोटात लागलीय. शेजारचे आजोबा म्हणाले आता उठायचं नाही, सहा तास थांबायचं, मागे लागलीस तर ती मैलभर पळेल. ते सहा तास मी कसे काढले मला माहीत. दुपारी आम्ही मागावर गेलो, पानावर हिरवट घाण आणि मधूनच रक्ताचा थेंब, प्रत्येक थेंबाजवळ आजोबा कागदी नॅपकिनचा तुकडा ठेवायचे, मागे वळून बघितलं की पांढरी रांग दिसायची आणि ती कुठल्या दिशेला चाललीय ते कळायचं. अंधार पडता पडता ओढ्याजवळ सापडली. मेलेली होती, पण मटण बरंचसं वाया गेलं, आणि तिने काय सोसलं असेल ते मी विसरू शकत नाही. घरी येऊन स्कोप हाताने हलवला तर त्याला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगचा एक स्क्रू चक्क बोटाने फिरला.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, स्कोप खराब असण्यापेक्षा त्याची बसवणी सैल असण्याची शक्यता खूप जास्त आहे, आणि बोअरसाइट म्हणजे झीरो नाही, झीरो म्हणजे ठरावीक अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं. बोअरसाइटने नळी आणि स्कोप ढोबळमानाने एका दिशेला बघतात एवढंच, गोळी कागदावर कुठेतरी लागेल याची ती सोय आहे. असं करा. बेसचे आणि रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापाएवढे आवळा, अंदाजाने पिरगाळू नका. मग पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर, मग १०० वर. तीन-तीन गोळ्यांचा गठ्ठा बघायचा, एकेका गोळीवरून स्क्रू फिरवत बसायचं नाही. बहुतेक स्कोपवर एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, म्हणजे गठ्ठा तीन इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे असेल तर १२ क्लिक वर आणि ८ क्लिक डावीकडे. मध्ये नळी गार होऊ द्या. जी काडतुसं रानात नेणार तीच रेंजवर वापरा, तोच बॉक्स, तेच वजन. आणि वीसेक गोळ्यांनंतर स्क्रू परत तपासा. शेवटची गोळी अशी मारा की गार नळी, अंगात जाड जॅकेट, हातात ग्लोव्ह, कारण रानात तुम्ही टी-शर्टवर नसता आणि जाड कोटामुळे दस्ता खांद्यावर वेगळाच बसतो.

दस्त्यावरून आठवलं, बऱ्याच बायका आणि बारीक चणीची पोरं मोठ्या माणसाच्या मापाची रायफल उसनी घेतात आणि डोळा स्कोपपासून योग्य अंतरावर येतच नाही, मान ताणावी लागते. दस्त्याची लांबी कमी करता येणारे मॉडेल मिळतात. मी .३०८ मापाच्या काडतुसाची रायफल सोडून आखूड दस्त्याची, सेव्हन एमएम-झीरो-एट मापाची घेतली, धक्का कमी झाला, आणि चाप ओढताना डोळे मिटायची सवय गेली. हा बदल मला कुठल्याही महागड्या स्कोपपेक्षा जास्त उपयोगी पडला.

अजून एक, थंडीतली रायफल रात्री गरम केबिनमध्ये आणू नका, काचेवर दव धरतं, सकाळी तेच गोठतं. रिकामी करून, केसमध्ये कुलूप लावून गॅरेजमध्येच ठेवायची. आणि बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीत, जाड तेल भरू नका, कडक थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं आणि काडतुसावर आपटणारी पिन हळू पडते.

प्रश्न : नवऱ्याने मचाणासाठी हार्नेस (पडू नये म्हणून अंगात घालायचे पट्टे) घेतलाय पण "बारा फूट तर उंची आहे" म्हणून घालत नाही. काय सांगू? – रॉकफर्ड

त्यांना सांगा की हरणाच्या शिकारीत गंभीर दुखापती सगळ्यात जास्त मचाणावरून पडून होतात, गोळीने कमी. आणि पडणं बहुतेक वेळा वर बसलेलं असताना होत नाही, चढता-उतरताना आणि शिडीवरून पाटावर पाय टाकताना होतं. म्हणून नुसता हार्नेस पुरत नाही, झाडाला वरपासून जमिनीपर्यंत एक लाइफलाइन दोर बांधायचा, त्यावर प्रुसिक गाठ असते, ती हाताने वर सरकते पण झटका बसला की घट्ट आवळते, जमिनीवरूनच तिला अडकवून मग पहिली पायरी चढायची. रायफल हातात घेऊन कधीच चढायचं नाही, रिकामी करून दोरीने मागून ओढून घ्यायची.

आम्ही दोघांनी नवा हार्नेस आणला तेव्हा आधी घरी अंगणातल्या मेपलला बांधून बघितला. मी जमिनीपासून फक्त दोन फूट वर स्वतःला लटकवलं, नवरा शेजारी उभा. अहो, पाच मिनिटांत मांड्यांना मुंग्या आल्या. नुसतं लटकून राहिलं तर पायातलं रक्त वर येत नाही आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून हार्नेससोबत एक पट्टा मिळतो ज्यात पाय रोवून उभं राहता येतं, तो पट्टा आमच्या बॅगेत तळाला प्लॅस्टिकमध्ये तसाच पॅक होता. आता तो उजव्या खिशात असतो. तुमच्या यजमानांना एकदा असंच अंगणात दोन फुटांवर लटकवा, ते स्वतःहून घालतील. हार्नेसवर मुदत छापलेली असते, बऱ्याच ठिकाणी ५ वर्षं, तीही बघून घ्या.

प्रश्न : शिशाच्या गोळ्या सोडून तांब्याच्या घ्याव्यात का? दुप्पट महाग आहेत. आमच्याकडे सगळ्या मटणाचा खिमाच होतो आणि घरात दोन लहान मुलं आहेत.

लहान मुलं आणि खिमा म्हणताय तर घ्या, माझं स्पष्ट मत आहे. शिशाची गोळी वेगात लागली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत, आणि खिमा करताना सगळीकडे मिसळतात. २००८ साली नॉर्थ डकोटात तर फूड पँट्रींना, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रांना, दान आलेलं हरणाचं मटण याच कारणाने टाकून द्यायला सांगितलं होतं. रानात टाकलेली आतडी गरुड खातात आणि त्यांनाही शिशाची बाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्यात.

पण नुसता बॉक्स बदलून रानात जाऊ नका. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब असते आणि नेम वेगळ्या जागी बसतो, माझा १०० यार्डांवर अडीच इंच सरकला. झीरो नव्याने करावा लागतो. आणि तांब्याची गोळी नीट उमलायला वेग लागतो, म्हणून एक पायरी हलकं वजन घ्या आणि फार लांबची गोळी मारू नका. खर्चाचं म्हणाल तर सीझनमध्ये किती गोळ्या लागतात? दोन-तीन.

खिमा करायच्या आधी अजून एक काम, हरणाच्या मानेतल्या गाठींची सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणी. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, आणि तो शिजवून मरत नाही, कुकरच्या दहा शिट्ट्या दिल्या तरी नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही पण बाधित हरणाचं मटण खाऊ नका असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. इथे तपासणी फुकट होते, फक्त रिपोर्ट येईपर्यंत मटण वेगळं फ्रीझरमध्ये ठेवा आणि पिशवीवर टॅगचा नंबर लिहा.

प्रश्न : बॅटरीवर गरम होणारं जॅकेट कसं आहे?

चांगलं आहे, पण आतल्या कपड्यांना पर्याय म्हणून नाही. बॅटरी थंडीत लवकर उतरते. फोनचंही तेच, नकाशाचं ॲप त्यातच असतं, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा आणि एक कागदी नकाशा जवळ असू द्या. जनावरांच्या वाटेवर लावून ठेवतात त्या ट्रेल कॅमेऱ्यात साधे अल्कलाइन सेल घालू नका, लिथियमचे घाला. पाय गार पडत असतील तर बूट एक नंबर मोठा घ्या, दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्तच फिरत नाही.

प्रश्न : पातं बदलायची सोय असलेला सुरा घेतला, सगळे तारीफ करतात. तुमचा अनुभव?

धार अप्रतिम, सोलायला तर लोण्यासारखा. पण तो हाडाजवळ वापरायचा नाही. मी कमरेच्या हाडाच्या सांध्यात घातला, थोडा पिळला आणि पात्याचा पाऊण इंच तुकडा आत तुटून राहिला. कोपरापर्यंत रक्त, हेडलॅम्पचा उजेड, आणि बोटांनी चाचपायची सोय नाही कारण ते पातं वस्तऱ्यासारखं. अर्धा तास लागला. तेव्हापासून कातडीला तो सुरा आणि सांध्याला आजोबांनी दिलेला जुना जाड पात्याचा, दोन्ही बरोबर नेते.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातून लिहितोय, अंक मेहुण्याकडून येतो. डुकरांनी भुईमूग नाही ठेवला. मेहुणा अमेरिकेतून थर्मल दुर्बीण आणतो म्हणतोय. ती वापरून डुक्कर मारता येईल का?

भाऊ, तुमच्या भुईमुगाचं वाचून वाईट वाटलं, माझ्या माहेरी उसात हेच चाललंय. पण इथलं आणि तिथलं एक करू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय डुकराला हात लावलात तर गुन्हा तुमच्यावर. दुर्बीण असली म्हणून परवानगी मिळत नाही. थर्मलमध्ये अंधारातही गरम जनावर पांढरं चमकताना दिसतं, कळप कुठल्या बांधावरून आणि किती वाजता येतो हे दोन-तीन रात्रीत कळेल, आणि मग राखण आणि कुंपण नेमक्या त्याच बाजूला घालता येईल. कुंपणात मेनचा करंट मात्र कधीही सोडू नका, त्याने माणसं मेलीत. आणि पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज वन खात्याकडे लगेच टाका, पंचनामा व्हायच्या आधी शेत नांगरू नका, फोटो काढून ठेवा, सोंडेने उकरलेल्या मातीचे आणि खुरांचे दोन्ही.